वेचणं आणि विणणं

बुधवार, संध्याकाळ

नातीचा खेळ पाहून आज मी थक्क झाले आणि तिच्यासमोर ते कबूल केलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

या खेळापायीच रेवाचा लॅपटॉप मी आठवडाभर कपाटात बंद ठेवला होता. आज बाहेर काढून म्हटलं, दाखव तरी काय आहे त्यात. पडद्यावर पाठीला टोपली बांधलेली एक बाई वाकून कापूस वेचत होती.

"आजी, ही मी. यात दोनच धंदे घेता येतात. बाकीचे खेळणारे दोन्ही बनवायचेच घेतात, तलवारी अन् कपडे. मग कच्च्या मालासाठी बाजारात भटकतात. मी एक वेचायचा घेतला, एक विणायचा. बी.ए. केलंस ना? मग समज!"

सिंधीपुऱ्यातले आमचे माग सुताअभावी बंद पडले, तेव्हा ही जन्मलीही नव्हती. आम्ही मागांवर माग वाढवत गेलो. सुताचा विचार कुणी केला? मी तरी केला? घरात हिला हे कुणी सांगितलेलंही नाही. पंधरा वर्षांची पोर! ती टोपलीवाली बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

रेवाच्या हाती सगळं दिलं: लॅपटॉप, चार्जर आणि कपाटाची किल्लीही.