काळं कापड कोण धरणार?

अहो,

तुमच्या गच्चीवरच्या शेवटच्या अ‍ॅडेनियमला आज कळी दिसली. घरात सांगायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

हरखून जाऊ नका. बुंधा मी अंगठ्यानं दाबून पाहिला, तुम्ही दाबायचात तसा. खालून मऊ लागला. बाकीच्यांचंही असंच सुरू झालं होतं. सडायला लागलेलं झाड घाईघाईनं फुलतं, असं तुम्हीच म्हणायचात ना?

वाळवंटातली झाडं, पाण्यानं गेली हो सगळी! तुम्ही गेल्यावरच्या दहा दिवसांत जो भेटायला आला, तो गच्चीवर जाऊन तांब्याभर पाणी घालून आला. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "भैया के पौधे प्यासे हैं." नागपूरहून आलेल्या तुमच्या अक्का तर रोज रडत रडत ओतायच्या. मी म्हटलं, "अक्का, याइले पाणी नाही चालत." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "असू दे वो. माह्या भावाले पोचते ते." सुतकाच्या घरात बहिणीच्या हातातला तांब्या कसा हिसकावून घेऊ?

राग मला तुमचाच येतो. इतकी वर्षं झारीला कुणाला हात लावू दिला नाहीत. मग कळणार तरी कुणाला? मला फक्त फोटोसाठी फुलामागे काळं कापड धरायला ठेवलंत! राज्य वेगळं झालं, भोपाळहून नव्या राजधानीत बदली झाली. ऑफिसातले सगळे प्लॉट शोधत फिरत होते आणि तुम्ही समता कॉलोनीतल्या या भाड्याच्या घराची नुसती गच्ची बघून हो म्हणालात. मे महिन्याच्या भर दुपारी फुलामागे कापड धरून मी उभी, तळवे भाजताहेत, आणि तुम्ही कॅमेऱ्याआडून ओरडताय, "हात काहून हलवून राहिली वो!"

तात्यापाऱ्यातला स्टुडिओवाला रोल धुऊन देताना म्हणायचा, "भैया, कभी भाभी का भी खींच लो." तुम्ही नुसते हसायचात. फोटोंत कापडाच्या कडेला माझी बोटं तेवढी आली. तुम्ही तर कुठंच नाही! हार घालायला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात तुम्ही कुणी परकेच दिसता. त्याच्यासमोर मला रडूही येत नाही.

लेक फोनवर म्हणते, "आई, नये पौधे ला दूँगी ना." नवी कुणासाठी आणू?

हे झाड वाचणार नाही. तुम्ही असतात तर सडका भाग कापून टाकला असतात. कुठवर कापायचं ते मला ठाऊक नाही. कॅमेऱ्यात तुमचा अर्धा रोल तसाच आहे. पण मी बटण दाबलं तर कापड कोण धरणार?

तरी एक शब्द देते. फूल उमललं की भर दुपारी त्याच्यामागे कापड धरून उभी राहीन. फोटो निघणार नाही, माहीत आहे मला. पण या वेळी हात हलू देणार नाही.

तुमचीच,
सुमन