वॉरंटीसाठी तुमची सही

बाबा,

तुमची सही हवी आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, हे सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या साहेबांना माहीत नाही आणि त्याला कारण मीच. व्हॅन तिथे अडकून पडली आहे, बोरीवलीतली माझी शाळेची मुलं आज रिक्षाने गेली, त्यांच्या आया सकाळपासून ग्रुपवर ‘ताई, उद्या तरी येणार ना’ म्हणून विचारतायत. माझ्यासमोर तुमचं जुनं लेटरपॅड पडलंय, वाकोल्याच्या गॅरेजचं. त्यावरच हे लिहिते आहे. चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगते.

तुमच्यामागे ही व्हॅन मीच चालवली, पोट तिच्यावरच चाललं. गेल्या दिवाळीपासून ती ऑइल प्यायला लागली. फ्लायओव्हरच्या चढावर मागे असा धूर सोडायची की मुलं काचेला नाक लावून मजा बघायची आणि मागचे गाडीवाले माझा उद्धार करायचे. इंजिन काम निघणार हे मला कळत होतं. तीन गॅरेजवाल्यांना दाखवलं. तिघांनी एकच सांगितलं की ब्लॉकला आधी एकदा बोअर मारलाय, म्हणजे आतली नळकांडी कोरून मोठी केलीत, आता परत मारायला त्यात जीव नाही. आधीचा बोअर तुम्हीच मारून आणला होता, तुमच्या शेवटच्या वर्षात. शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रस्ता धरला. तिथे म्हणाले, कारखान्यात पूर्ण उघडून, झिजलेला प्रत्येक भाग बदलून, तपासून पाठवलेलं इंजिन मिळेल, वर्षाची वॉरंटी, फक्त जुनं इंजिन त्यांना द्यायचं. मी म्हटलं, म्हणजे रिकंडिशन. साहेबांचा चेहराच पडला. ‘रिकंडिशन नाही मॅडम, रीमॅन्युफॅक्चर्ड.’ हा शब्द त्यांनी मला अर्ध्या तासात इतक्या वेळा ऐकवला की मी परत रिकंडिशन म्हणायची हिंमत केली नाही.

जुनं इंजिन साखळीला लटकवून बाहेर काढलं तेव्हा मी तिथेच उभी होते. ब्लॉकच्या कडेला तुमचा पंचाचा ठिपका दिसला. गिरणीत फिटर होतात तेव्हा तपासलेल्या मशीनवर मारायचात तसाच. मला वाटलं होतं काही वाटणार नाही. वाटलं. पण सही करून देऊन टाकलं, कारण सोमवारी मुलांना शाळेत सोडायचं होतं.

आता मुद्द्यावर येते. नव्या इंजिनाच्या टॅपेट कव्हरवर, म्हणजे सगळ्यात वरच्या झाकणावर, एक पिवळं सील होतं. साहेबांनी त्यावर बोट ठेवून बजावलं की हे तुटलं तर वॉरंटी संपली, एक वर्ष पाना लावायचा नाही. मी मान डोलावली. आणि आठवड्याच्या आत ते सील तोडलं. का, ते तुम्ही सांगा. गिरणीत पाळी बदलली की आधीच्या पाळीच्या फिटरने आवळलेला एकेक नट तुम्ही परत आवळून बघायचात. गिरणी बंद पडली, तुम्ही गॅरेज टाकलंत, पण पाळी काही तुमच्या डोक्यातून गेली नाही. ‘दुसऱ्यान आवळलेलो नट आपलो न्हय.’ हे मी इतकं ऐकलंय की मला ते बाराखडीबरोबरच पाठ झालं असावं. घरातही तेच. आईने लावलेलं झाकण तुम्ही जाता जाता परत पिळायचात. लोणच्याच्या बरणीसाठी आई गरम पाणी करत बसायची आणि तुम्हाला शिव्या घालायची. तुम्ही झाकण पिळलेली कोकमाच्या आगळाची एक बाटली तुम्ही गेल्यावर कुणालाच उघडता आली नाही. आईने ती फेकूही दिली नाही.

आणि ते वाकोल्याचं. मी सोळा वर्षांची, पहिल्यांदा एकटीने स्टेपनी बदलली होती, पान्यावर उभी राहून नट आवळले होते. गिऱ्हाईक कौतुक करत होतं. तुम्ही आलात, माझ्याकडे बघितलंही नाहीत, खाली बसलात आणि चारही नट परत आवळलेत. मी म्हटलं, ‘बाबा, मी आवळलेत ना.’

‘म्हणानच बघतंय,’ तुम्ही म्हणालात.

गिऱ्हाईक हसलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा दहा-बाराचा पाना माझ्यासमोर ठेवलात, चांगला, गुळगुळीत झालेला, आणि निघून गेलात. ती माफी होती की आणखी एक टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच पान्याने मी रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते कव्हर उघडलं. टिकटिक ऐकू येत होती, निदान साहेबांना मी तसंच सांगितलं. आतलं सगळं एकेक करून आवळून बघितलं, कव्हर लावलं, त्याचे बोल्टही तुमच्यासारखे दात आवळून पिळले. आता ही इंजिनं तशी पिळायची नसतात, बाबा. त्यांना किती आवळायचं याचं माप असतं. झाकणाखालचं रबरी गॅस्केट चेपलं, गुरुवारपर्यंत ऑइल झिरपायला लागलं, गरम लोखंडावर जळायला लागलं, आणि मुलं म्हणाली, ‘ताई, परत वास.’ पुरती वाट लागली. तुमचा मला जितका राग आला, तितका तुमच्या हयातीतही आला नव्हता.

साहेबांनी तुटलेलं सील बघितलं आणि सरळ विचारलं, ‘मॅडम, कोणी उघडलं हे?’ वर हळू आवाजात समजावलं की गाडीमालकाने स्वतः उघडलं असेल तर केस तिथेच संपली. पण आवाज येतो म्हणून एखाद्या गॅरेजने उघडून बघितलं असेल, तर त्या गॅरेजच्या लेटरहेडवर तसं लिहून, सही-शिक्का मारून आणा, मी वर पाठवून बघतो. माणूस चांगला, मला वाचवायलाच बघत होता.

‘माझ्या वडिलांनी उघडलं,’ मी म्हटलं. ‘मेकॅनिक आहेत.’

‘आहेत’ म्हणाले मी. तोंडातून गेलं ते गेलं.

तर घरी येऊन कपाट उपसलं. शिक्का सापडला, शाईचं पॅड सुकलं होतं, दोन थेंब पाणी घातल्यावर उठला. लेटरपॅडात दोनच पानं शिल्लक होती. पहिल्यावर तुमची सही गिरवली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बघून बघून ती मला चांगली ठाऊक. चौथ्या खेपेला इतकी हुबेहूब आली की मी हात मागे घेतला. तुम्ही कधी न केलेल्या कामाखाली तुमचं नाव. जो माणूस माझ्या चार नटांवर विश्वास ठेवत नव्हता, तो दुसऱ्याने बिघडवलेल्या इंजिनाखाली सही करेल होय? ते पान फाडलं. दुसऱ्यावर हे लिहीत बसले, मागची बाजूही भरत आली. म्हणजे आता पॅड संपलं.

उद्या जाऊन साहेबांना सांगणार, मीच उघडलं, वडील नाहीत. वॉरंटी जाणार. गॅस्केट मी स्वतः बदलेन, मापाचा पाना आणून. पुढच्या वर्षभरात त्या इंजिनाला काही झालं तर कुणाच्या दारात उभं राहता येणार नाही. पोरांच्या आयांना काय सांगायचं ते बघते.

एक मात्र साहेबांनाही सांगणार नाही. टिकटिक वगैरे काही नव्हती, बाबा. इंजिन शिवणयंत्रासारखं मऊ चालत होतं आणि आत एकही नट ढिला नव्हता. एक तरी निघावा म्हणूनच मी उघडलं होतं.