जुळीचं रक्त

मंगळवार, डोंबिवली

ठाण्याच्या डॉक्टरांना आज पुन्हा "बघते" सांगून आले. अंगावर कोड का फुटतं, यावर त्यांचं संशोधन चाललंय. आम्ही दोघी जुळ्या, जनुकं तीच, तरी कोड फक्त मला. म्हणून त्यांना नीताचंही रक्त हवंय.

कुठून आणू, कपाळ? तिच्या सासरी मी आहे हेच कुणाला ठाऊक नाही. माझे डाग बघून तिचं स्थळ मोडेल म्हणून आईनेच मला लपवलं. लग्नातही मी नव्हते.

तरी संध्याकाळी फोन केलाच. तिच्या मुलीने उचलला.

"मम्मी आहे का गं?"

"मम्मी, कोणीतरी बाई आहे. आवाज सेम तुझा!"

मागून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "राँग नंबर असेल. ठेव."