बाबांची पाठ

लीड्स,
८ जून १९४८

ती. आईस,
एनिडचा शि. सा. न. वि. वि.

तुझा केक पोचला आणि मैत्रिणींनी दहा मिनिटांत फस्तही केला. मला फक्त डबा उरला.

शनिवारी, १९ तारखेला, कॉलेजचा बक्षीस समारंभ आहे. मला वाचनाचं पहिलं बक्षीस आहे! तुझे पाय दुखतात, तेव्हा बाबा एकटेच येतील ना?

एक गोष्ट फक्त तुला सांगते. मागच्या खेपेला बाबांच्या कॉलरमागे कोळशाची काळी रेघ दिसत होती. माझ्या वर्गातली प्रुनेला हळूच ‘मकी’ म्हणाली. मळका, घाणेरडा, अशा नाक मुरडलेल्या सुरात. सगळ्या हसल्या आणि मीही हसले. या वेळी त्यांना नीट धुऊन पाठव, मानेखालीसुद्धा. रागावू नकोस.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझी एनिड

हॅलथॉर्प,
४ जुलै १९४८

चि. एनिड,
अ. आ.

तू पाकिटावर माझं नाव घातलंस, पण घरात चष्मा एकच आणि तो तुझ्या बाबांच्या नाकावर. त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. त्या शब्दाशी थांबले, मग उरलेलं मनात वाचलं.

पोरी, आपल्या घरात हा शब्द कधी कुणाला लागला होता? चिखलात लोळून आलीस की ते तुला ‘माझं मकी पिल्लू’ म्हणायचे. चरबी चोपडलेला पाव आपण ‘मकी पाव’ म्हणून मिटक्या मारत खातो. साईक्सबाईच्या पायरीला मात्र मी एकदा ‘मकी’ म्हटलं, तर बया चार वर्षं बोलली नाही.

चष्मा काढून ते म्हणाले, पाणी तापव, आज पाठ धू. तुला ठाऊक आहे, इथला कुठलाच खाणकामगार पाठ धूत नाही. धुतली की कणा कमजोर होतो म्हणतात. सव्वीस वर्षं मी ती कोरड्या फडक्याने पुसत आले. त्या दिवशी तीनदा पाणी बदललं. समारंभाहून आले तेव्हा सँडविच चांगली होती एवढंच म्हणाले.

गुरुवारी खाणीत छत ढासळलं आणि दगड थेट पाठीवर आला. हाड शाबूत आहे, पण दोन महिने पलंग सोडायचा नाही. गल्लीत सगळे म्हणतात, पाठ धुतली म्हणूनच. डॉक्टर हसले त्यावर. मला नाही हसता आलं. या हातांनीच चोळली ना मी ती.

तुला बोल लावत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. वेळेवर जेवत जा.
तुझी आई

लीड्स,
६ जुलै १९४८

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दोष तुझ्या हातांचा नाही, माझाच आहे. आणि बाबांनी तुला सगळं सांगितलेलंही नाही.

समारंभानंतर प्रुनेलाच्या आईने विचारलं, हे कोण. बाबा नव्या कॉलरमध्ये, हात पाठीमागे धरून माझ्या शेजारीच उभे होते. मानेवर एक डागही नव्हता. तरी मी म्हणाले, आमच्या गावचे शेजारी, मिस्टर हेग. माझंही आडनाव हेगच आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. बाबांनी टोपी काढून तिला नमस्कार केला आणि मला म्हणाले, बक्षिसाबद्दल अभिनंदन, मिस.

मला झोप नाही. बक्षिसाचं पुस्तक अजून उघडलेलं नाही. शनिवारी येऊ का? आपल्याकडे पुढचं दार पाद्र्यासाठी आणि परक्यांसाठी असतं. मी पुढचंच ठोठावीन. बाबांनी उघडू नको म्हटलं तर परत जाईन.

माया करावी असं लिहायला हात धजत नाही.
एनिड

हॅलथॉर्प,
९ जुलै १९४८

चि. एनिड,
अ. आ.

पालथं पडून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. आईला ते शेजाऱ्याचं ठाऊक नव्हतं. आता झालं. दिवसभर भांडी आपटत होती.

मला लागलं. लागलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

पुढच्या दाराची कडी गंजली आहे, ते उघडत नाही. रोज पाठ कोमट पाण्याने धुऊन मलम लावा, असं डॉक्टरचं फर्मान आहे. गल्ली काय म्हणायचं ते म्हणो. तुझ्या आईला आता वाकवत नाही.

मागच्या दाराने ये. बाह्या वर करून ये, हात मकी होतील.

तुझे बाबा