गाळणीचा फोटो

मंगळवार संध्याकाळ, वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया

कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन युनिव्हर्सिट्यांनी मिळून पुराचं पाणी मोजणारं यंत्र बनवलं, त्यांच्या बर्फाळ नदीसाठी. आमच्या युनीने ते इथल्या ओढ्यावर बसवलं, तर त्यातल्या उबदार हीटरपाशी मुंग्यांनी घर केलं. शेवटी मी घरच्या चहाच्या गाळणीची जाळी कापून यंत्राच्या भोकाला लावली. मुंग्या थांबल्या.

आज या यंत्राच्या ऑनलाइन समारंभात त्याच गाळणीचा भलामोठा फोटो. खाली तिन्ही युनिव्हर्सिट्यांची नावं, सीमेपलीकडच्या सहकार्याचं कौतुक. माझं नाव कुठेच नाही. बॉस ग्रेगने विचारलं, "ऑल गुड, मेट?" मी म्हणालो, "नो वरीज." का म्हणालो? पुण्यात तरी भांडलो असतो का?

घरी बायकोने, मेधाने, चहा दिला. "नवी गाळणी आणतोयस ना? चोथा येतोय बघ."

चोथ्यासकट प्यायलो.