सायकलीला दहीभात

४ डिसें. १९४३, लोणावळे
पावसाळाभर तुंगार्लीच्या खोलीत सायकल आढ्याला टांगली, दर जुम्म्याला एरंडेल चोळलं. गंजाचा ठिपका नव्हता. आणि आता कोरड्या थंडीत गंज! कारण काय, तर दही. कान्हे गावात मी आत पोरांना देवी काढतोय, म्हणजे लस टोचतोय, आणि बाहेर बाया सायकलीवर पाणी ओततायत, दहीभात थापतायत, कडुनिंब खोचतायत. म्हणे मी देवी घेऊन येतो, म्हणून हे देवीचं वाहन. ते निवलं की पोरांना ताप कमी. घरी पोचेस्तोवर सगळं आंबलं. नखांत शितं. शी!

९ डिसें.
फ्रेमचा रंग फुगलाय. उचकटला तर खाली तांबडी भुकटी. सायकलवाल्या मिस्त्रीने टिचकी मारून ऐकलं. "अजून जीव आहे, डॉक्टर. पण हे आंबट थांबवा, नाहीतर होळीपर्यंत मोडेल. नवी फ्रेम लढाई संपेस्तोवर विसरा." सायकल नसलेल्याला साहेब फिरतीवर ठेवत नाहीत. फ्रेम गेली की नोकरी गेली.

१४ डिसें.
कान्हे. ओरडलोच, सायकलीला कुणी हात लावायचा नाही. सकूमावशी, जिच्या शब्दावर गावच्या बाया चालतात, ती म्हणाली, "देवी तापल्यावर पोरं कोन निस्तरनार, भाऊ? तुमी?" नातवाला पदराखाली घेऊन निघून गेली. मागोमाग सगळ्या. दिवसभरात तीन पोरं टोचली. वरच्या वाडीत देवीनं दोन मुलं दगावलीयत, आणि ह्यांना दह्याची पडलीय! किळस आली. रस्ताभर विचार केला, मला तरी कशाची पडलीय? लोखंडाचीच ना. मग स्वतःचीही आली.

१९ डिसें.
मिस्त्रीचा इलाज. सगळा रंग खरवडला, रॉकेलने पुसलं, जवसाच्या उकळलेल्या तेलात शेंदूर घोटून दोन हात दिले. गंजाला याच्यावर औषध नाही म्हणतो, पुलांनासुद्धा हेच लावतात. वरून काळा रंग द्यायचा, तर तो बाजारातच नाही. अमिना दारात आली, बघितलं, आणि हसत खालीच बसली. "आता ही मशिदीबाहेर कुठं उभी करणार?" बायकोला थट्टा सुचते. मला नाही हसू आलं.

२३ डिसें.
लिहायची लाज वाटते. शेंदरी सायकल दिसताच सकूमावशीनं वेशीतच हात जोडले. "आता कसं, भाऊ! पटलं न्हवं तुमास्नी!" रांग लागली. लस संपली. तिचा नातूही टोचला, कार्टं चावलं मला. आणि बाहेर अख्खी घागर दही! पेडलवर नारळ फोडला, पेडल वाकलं. सीटखालच्या जोडात भात. काडीने उकरत बसलो.

२६ डिसें.
जोडाशी तांबूस कड पुन्हा दिसली. मिस्त्रीने कुठूनसा काळ्या रंगाचा डबा आणून दिला. एक हात मारला की सायकल पुन्हा सायकल होईल, दही बंद.
उद्या वरच्या वाडीत जायचंय. आजवर तिथे एकानेही पोर पुढे केलेलं नाही. सकूमावशीनं आधीच सांगावा धाडलाय, शेंदराची गाडी येतीय, पोरं तयार ठेवा.
अमिना दोनदा विचारून गेली, ब्रश भिजवू का?
थांब म्हटलं. हात तीनदा धुतले, तरी दह्याचा वास येतोय. डबा समोर आहे, झाकण अजून उघडलेलं नाही.