एकाच टीव्हीला एचडी

अमरावती, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज घरच्या इंटरनेटवर दोन्ही टीव्ही जोडून झाले. एचडी मात्र एकाच टीव्हीला मिळतं म्हणे. "कोनत्या टीव्हीले देऊ?" जोडणाऱ्यानं विचारलं. माझा संजय म्हणाला, "हॉलमधल्या. आईले आवाज आला म्हनजे झालं."

माझ्या खोलीतल्या टीव्हीवर माणसं दिसतात, पण बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं फिसकटलेली. त्या पट्टीवरूनच तर मी वाचायला शिकले, चांदूरच्या घरी, एकटीच. संजय तेव्हा अकोल्याला शिकायला होता. एकदा यांचे बाजारभाव ऐकायचे राहिले, तर मीच पट्टी वाचून कापसाचा भाव सांगितला. भाव पडलेलाच होता. तरी हे हसले. "का वं मास्तरीन, कवा शिकली?" मग रोज मी वाचायची, हे ऐकायचे.

मघाशी संजय खोलीत डोकावला. "दिसते नं आई बरोबर?"

"दिसते," म्हटलं. काहून म्हटलं असं? पोरगा वाईट नाही, लगेच बदलून दिलं असतं. पण मला वाचता येतं हे त्याला ठाऊकच नाही. ज्यांना ठाऊक होतं ते गेले, आणि घरात मी पुन्हा अडाणी झाले.